नोड मोकळा करण्याआधी

पॅच छोटा होता आणि सगळ्या टेस्ट पास होत्या. असे पॅच मी सर्वांत सावकाश वाचते.

एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडल्यापासून मोहन्यातले पुष्कळ नोकरदार सकाळी आंबिवली स्टेशन गाठतात. मीही त्यातलीच. पॅच लिहिणारा टीममधला मुलगा पुढच्याच स्टेशनावर, टिटवाळ्याला राहतो. म्हणून हा रिव्ह्यू फोनवर न करता रविवारी त्याला घरीच बोलावलं.

नेटवर्क ड्रायव्हरमध्ये चालू कनेक्शनांची यादी ठेवायची होती. लिनक्स कर्नलमधली नेहमीची यादी म्हणजे 'लिस्ट_हेड': पुढच्याचा पत्ता, मागच्याचा पत्ता, बस. माहिती यादीत ठेवत नाहीत, ही पत्त्यांची जोडीच माहितीच्या स्ट्रक्चरमध्ये बसवतात. 'कंटेनर_ऑफ' हा मॅक्रो ठरावीक बाइट वजा करून मूळ स्ट्रक्चर गाठतो. शेवट पुन्हा सुरुवातीला जोडलेला, त्यामुळे टोकाचा नोड काढायला वेगळा 'इफ' लागत नाही. इतकी वर्षं वाचूनही मला ही रचना सुंदर वाटते.

यादी बदलताना लॉक होतं, वाचताना नव्हतं. प्रत्येक पॅकेटमागे लॉक घेणं परवडत नाही, म्हणून तिथे आरसीयू. वाचणारे न थांबता वाचतात. बदल करणाऱ्याने मात्र आधीपासून आत असलेले वाचक बाहेर पडेपर्यंत जुना नोड जिवंत ठेवायचा. लिनक्समध्ये हे तंत्र २००२ साली आलं, आणि ते आणणाऱ्यांत पॉल मॅकेनी यांच्याबरोबर आयबीएमचे दीपंकर सर्मा होते.

पॅचमध्ये नोड जोडायला साधं 'लिस्ट_ॲड' होतं.

"ताई, रात्रभर लोड टाकून चालवलंय. एकदाही पडलं नाही."

"कुठल्या मशीनवर?"

"लॅपटॉपवर."

म्हणजे इंटेलवर. मी कागदावर दोन रकाने आखले: डावीकडे नोड भरणारा सीपीयू, उजवीकडे वाचणारा. इंटेलचा प्रोसेसर मेमरीतलं लिखाण दुसऱ्या सीपीयूला त्याच क्रमाने दाखवतो. आमचा बोर्ड मात्र एआरएमचा. तिथे नोडचा पत्ता आधी दिसू शकतो आणि आतला आयपी, पोर्ट नंतर. मधल्या क्षणी पोचलेल्या वाचकाच्या हाती कचरा लागतो. 'लिस्ट_ॲड_आरसीयू' क्रम पाळायला लावतं: आधी नोड पुरता भरा, मग यादीत दाखवा. उजव्या रकान्यातली ओळ त्याने स्वतःच वर सरकवली आणि म्हणाला, "हो, इथे फसतंय."

काढण्याचा भाग जास्त धोक्याचा होता. साधं 'लिस्ट_डेल' काढलेल्या नोडच्या दोन्ही पत्त्यांत मुद्दाम खोटे आकडे भरतं. ६४ बिटच्या इंटेलवर ते हेक्समधल्या 'डेड' या अक्षरांनी सुरू होतात. चुकून कोणी त्या पत्त्यामागे गेलं तर कर्नल तिथेच कोसळावा, चूक लपू नये, हा हेतू. पण आरसीयूचा वाचक त्या नोडवर उभा असेल तर तो चुकलेला नसतो, त्याला पुढे जायचा हक्क असतो. म्हणून 'लिस्ट_डेल_आरसीयू' मागचा पत्ता बिघडवतं आणि पुढचा तसाच ठेवतं. त्याच्या पॅचमध्ये साधं 'लिस्ट_डेल' आणि लगेच खाली नोडची मेमरी मोकळी करणारं 'केफ्री' होतं. त्या रात्री नेमक्या क्षणी तिथे कोणी वाचक नव्हता, एवढंच.

मी त्याला कर्नलमधल्या स्टॅकरॉट या त्रुटीबद्दल सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स ६.१ आलं आणि प्रोसेसच्या मेमरीचे भाग नोंदवायला जुन्या रेड-ब्लॅक ट्रीऐवजी मेपल ट्री आला. वाचक अजून आत असताना जुना नोड मोकळा होऊ शकतो, हे २०२३ मध्ये उघड झालं. साध्या युजरला त्यातून रूट मिळवता येत होतं. जाणत्या लोकांनी लिहिलेल्या, तपासलेल्या कोडमध्येही हे राहून गेलं होतं. म्हणून 'रिव्ह्यूड-बाय' पुढे नाव लिहिताना मला घाई नको असते. ते नाव कोडबरोबर इतिहासात राहतं, आणि त्या ओळीच्या भरवशावर पुढचा माणूस पॅच आत घेतो.

त्याने दोन्ही जागा दुरुस्त केल्या, 'केफ्री'च्या जागी 'केफ्री_आरसीयू' घातलं. तरी एक राहिलं होतं. कनेक्शन बदललं की त्याचा कोड नोडमधला आयपी आणि पोर्ट जागेवरच बदलत होता.

"वाचणारा दोन्हींच्या मध्ये आला तर?" मी विचारलं.

त्याने थोडा विचार केला. "नवा आयपी, जुना पोर्ट. असं कनेक्शनच नाही कुठे." मग म्हणाला, "नवा नोड भरतो आणि 'लिस्ट_रिप्लेस_आरसीयू'ने जुन्याच्या जागी लावतो. जुना 'केफ्री_आरसीयू'कडे."

ती आवृत्ती एआरएम बोर्डवर लोडखाली चालवून बघितली आणि मगच मी नाव दिलं.