मदरबोर्ड आधी, दिवे नंतर

कष्टकऱ्याच्या घरात नवी वस्तू यायची म्हटली की तिला उंबऱ्यावरच अडवून विचारले जाते, 'हिचा उपयोग काय?' शिलाई मशीन असेल तर ती सुटते. कपाट सुटते. पण वस्तू खेळायची असली तर मग विचारू नका! "गेम खेळायला कॉम्प्युटर? आणि तोही पंच्याऐंशी हजारांचा?" रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या पायरीवर आम्हा दोघांना हे इतक्यांदा ऐकावे लागले की शेवटी आम्ही हसून 'जय भीम' करायचो आणि चपला घालायचो.

उत्तर आमच्याजवळ होते. आमची थोरली ब्लेंडर नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर शिकते आहे, त्यात ती चित्रे हलवते, त्यालाही चांगला कॉम्प्युटर लागतो. हे सगळे खरे आहे. पण तिने मागितला तो खेळण्यासाठी, आणि तसे सरळ सांगितले. मग आम्ही लोकांपुढे अभ्यासाचे निमित्त का पुढे करावे? आपल्या मुलांनी काहीही मागितले की ते शिक्षणासाठीच आहे हे सिद्ध करायचे, ही सक्ती आपणच त्यांच्यावर घातली आहे. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ते काही परीक्षेसाठी नव्हते.

आजींचा प्रश्न मात्र वेगळा होता. "त्या खेळात माणसं मारतात म्हणे. पहिल्या शीलाचं काय?" यावर मायलेकींमध्ये आणि आजी-नातीमध्ये अजून चर्चा चालू आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहू.

तर बोलणे पक्के झाले २०२५ च्या अशोक विजयादशमीला. पतपेढीचे साठ हजार आणि घरात साठवलेले पंचवीस हजार. पतपेढीचे पैसे हातात पडायला जानेवारी २०२६ उजाडला. दरम्यान काय घडले ते पुढे येईलच. त्याआधी एका सापळ्याबद्दल सांगितले पाहिजे, कारण आपल्या वस्त्यांतली पुष्कळ घरे त्यात सापडतात.

'आय-फाइव्ह, सोळा जीबी, गेमिंग पीसी, नवा कोरा, सोपे हप्ते.' अशा पाट्या तुम्हीही वाचल्या असतील. आय-फाइव्ह हे नाव २००९ पासून चालत आले आहे. त्याची पिढी कोणती, हे पाटीवर नसते. आम्हाला एका दुकानात असाच एक दाखवला. काचेचे कॅबिनेट, आत लाल-निळे दिवे, बघणारा खूश व्हावा असा थाट! वस्तीतला एक मुलगा कॉम्प्युटर असेंबल करून देतो, त्याला आम्ही बरोबर नेले होते. त्याने झाकण उघडायला लावले. आत एच-६१ चा मदरबोर्ड निघाला. ही चिप २०११ सालची. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा, कुठल्या तरी ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेला. रॅम डीडीआर-३. या बोर्डावर विंडोज ११ नियमाने बसत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केला. नव्या बोर्डात जुना प्रोसेसर चालत नाही, नवी रॅम जुन्या बोर्डात बसत नाही. म्हणजे हप्ते संपायच्या आत अख्खी पेटी भंगारात. आम्ही पिढी विचारली तेव्हा दुकानदार म्हणाला, "तुम्हाला एवढ्या खोलात जाऊन काय करायचंय? दिसायला बघा ना!" पैसा आमचा, आणि खोलात जायचे नाही! आम्ही नमस्कार केला आणि बाहेर पडलो.

मदरबोर्ड म्हणजे घराचा पाया. प्रोसेसर कुठला बसेल, रॅम कुठली बसेल, पाच वर्षांनी काय बदलता येईल, हे सारे तोच ठरवतो. एकदम सगळे चांगले घ्यायची ऐपत असेल त्याला पायाची एवढी फिकीर नाही. ज्याला आज थोडे, पुढच्या वर्षी थोडे असे करत घ्यायचे आहे, त्याने मात्र आधी मदरबोर्ड बघावा असे आमचे स्पष्ट मत आहे. एक उदाहरण देतो. एएमडी कंपनीचे एएम-४ सॉकेटचे बोर्ड ज्यांनी २०१७ साली घेतले, त्यातल्या बहुतेकांना बायोस बदलून २०२२ सालचा प्रोसेसर त्याच बोर्डात बसवता आला. पाच वर्षांनी नवा मेंदू, पाया तोच.

आमच्यापुढे दोन रस्ते होते. एक, हाच एएम-४, डीडीआर-४ रॅमचा. बोर्ड स्वस्त, प्रोसेसर स्वस्त, पण पुढे रस्ता नाही. दुसरा, २०२२ साली आलेला एएम-५, ज्यात फक्त डीडीआर-५ चालते. या सॉकेटला २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देऊ, असे कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ च्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. म्हणून इथे निवड करताना रॅमचीही निवड होऊन जाते.

ऑक्टोबरात आमचे ठरले होते : बी-६५० चा बोर्ड, रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या, म्हणजे बत्तीस जीबी. कोटेशन घेऊन डब्यात ठेवले होते. जानेवारीत आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो, तर त्याच दोन पट्ट्यांचा भाव दुपटीहून जास्त! पोरीचा चेहरा उतरला. आम्हाला वाटले, गिऱ्हाईक बघून भाव सांगतात. चार दुकाने फिरलो. सगळीकडे तीच रड.

कारण नंतर समजले. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे उभी राहात आहेत, त्यांना मेमरी लागते ती अफाट, आणि ते देतील ती किंमत. कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा माल बंद करण्याचे जाहीर केले. कुठे अमेरिकेतली केंद्रे आणि कुठे आमची पतपेढी!

आता काय कापायचे? दुकानदार म्हणाला, बोर्ड हलका घ्या. मुलगा म्हणाला, आठ-आठच्या दोन घ्या, दोन पट्ट्या असल्या की रॅमकडे जायला दोन वाटा होतात, खेळ सफाईने चालतो. त्याचे म्हणणे खरे होते. पण आठ-आठ घेतल्या तर पुढे वाढवताना त्या काढून टाकाव्या लागणार. चार खाचांचा बोर्ड घेऊन चार पट्ट्या लावायच्या म्हटले, तर डीडीआर-५ मध्ये चार पट्ट्यांनी वेग खाली येतो. थोरलीने फुटपाथवरच उभ्या उभ्या हिशोब केला आणि म्हणाली, "पप्पा, सोळाची एकच घेऊ. बोर्ड तोच ठेवा. मी थांबेन." मागायला शिकलेली पोर थांबायलाही शिकली होती. तिच्या आईने मान फिरवली आणि डोळे पुसले.

बोर्ड दोन खाचांचा घेतला. चार खाचांचे आम्हाला कामच नव्हते. त्याऐवजी प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर जाड धातूचे आवरण आहे ना, हे पाहिले. पेनड्राइव्हवरून बायोस भरायचे बटण आहे, तेही पाहिले, म्हणजे उद्या नवा प्रोसेसर आणला तर अडणार नाही. दिव्यांची रॅम नाकारली. दिव्याने खेळ एक रतीभर वेगाने चालत नाही. वायफायचाही वेगळा पैसा वाचवला, त्याची छोटी यूएसबी मिळते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात, प्रोसेसरला नसतात. दुकानातच खोके उघडून, काळे झाकण काढून, पिना सरळ आहेत का ते बघून घ्या. घरी आल्यावर वाकलेली निघाली तर वॉरंटीत बसत नाही. आणि 'बिलाशिवाय घेता का, अठरा टक्के वाचतील' असे कुणी म्हटले तर भुलू नका. बिलावर बोर्डाचा आणि रॅमचा नंबर लिहून घ्यावा. बिल नसेल तर तीन वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते. ग्राफिक्स कार्डाचा विषय मोठा आहे, त्यात इथे शिरत नाही.

रात्री जोडणी झाली. एसएमपीएसचे बटण दाबले, पंखा फिरला, पडदा काळाच! एक मिनिट, दोन मिनिटे. आजी म्हणाल्या, "गेले पैसे." पण त्या मुलाने आधीच बजावले होते की डीडीआर-५ चा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी ओळख करून घेतो, त्याला काही मिनिटे लागतात, मध्येच बंद करू नका. पडदा उजळला. मग थोरलीने बायोसमध्ये जाऊन 'एक्स्पो' चालू केले, कारण ६००० ची रॅम ते केल्याशिवाय ४८०० वरच चालत राहते. आपल्याकडे कितीतरी मशिने अशीच अर्ध्या पळाने पळत असतील.

दुसऱ्या खाचेसाठी दरमहा पाचशे रुपये बाजूला पडतात. पट्टीचा पूर्ण नंबर तिने कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला आहे, तीच कंपनी, तोच वेग. महिन्यातून एकदा भाव विचारायला ती स्वतःच फोन करते.