मूस जॉचे भुयार

गेल्या वर्षी ऑगस्टात कॅनडात भाच्याकडे जाऊन आलो. तो रेजायना शहरात एका वकिलाच्या कचेरीत काम करतो. एका रविवारी म्हणाला, "मामा, चला, आज तुम्हाला भुयार दाखवतो." मला हसूच आले. भुयार बघायला एवढ्या लांब कशाला यायचे? आपल्याकडे जुना वाडा म्हटला की त्याखाली भुयार असायचेच. ते थेट गडावर निघते, आणि कुणाचे तरी आजोबा त्यात दिवटी घेऊन शिरलेले असतात, हेही ठरलेलेच!

रेजायनापासून पश्चिमेला सुमारे ७० किलोमीटरवर मूस जॉ नावाचे गाव आहे. मूस म्हणजे तिकडचे घोड्याएवढे थोराड सांबर, आणि जॉ म्हणजे जबडा. वस्ती ३४ हजारांच्या आसपास. वाटेत डोंगर नाही, झाडही क्वचित. नजर पोचेल तिथवर सपाट रान. भाचा बोलत होता, पण माझे लक्ष शेतात. मसूर काढणीला आली होती. मागल्या पिकाची धसकटे तशीच उभी, नांगर न घालता त्यातच पेरणी केलेली. पाऊस थोडा आणि वारा फार, म्हणून ओल आणि माती दोन्ही धरून ठेवायची ही रीत. १९३० नंतरच्या दुष्काळी दहा वर्षांत या मुलखातली माती ढगासारखी उडाली होती. मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेची एक शेंग सोलून पाहिली. आपल्या वाण्याकडची मसूरडाळ पुष्कळदा याच प्रांतातून आलेली असते, मग पाहायला नको?

मूस जॉ हे १८८२ साली रेल्वेबरोबर वसलेले गाव. स्टेशनासमोर सरळ मोठा रस्ता आणि दुतर्फा विटांच्या जुन्या इमारती. त्यांच्या तळघरांतून भुयार दाखवतात, तिकीट लावून. जुन्या वेषातली माणसे आपल्याला पुढे पळवत नेतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. तेव्हा शिकागोचा गुंड अल कपोन इथे लपत असे आणि इथून रेल्वेने दारू जात असे, ही तिथली कथा. मजा आली, खोटे कशाला सांगू! दुसऱ्या फेरीत चिनी मजूर जमिनीखाली कसे राबत, ते दाखवतात. तिथे मात्र हसू मावळले.

बाहेर आल्यावर मी विचारले, "यात खरे किती?"

भाचा म्हणाला, "कपोन इथे आल्याचा पुरावा नाही. चिनी माणसे भुयारात राहत, यालाही ठोस आधार मिळालेला नाही. खरी गोष्ट जमिनीवरची आहे, मामा. ती आमच्या कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहे."

मग कॉफी पिता पिता त्याने सांगितले. कॅनडाच्या रेल्वेसाठी पश्चिमेच्या डोंगरांत हजारो चिनी मजुरांनी सुरुंग लावले, खडक फोडले. १८८५ साली काम संपले, आणि त्याच साली नव्याने येणाऱ्या चिनी माणसावर डोईपट्टी बसली, ५० डॉलर. १९०३ साली ती ५०० डॉलर झाली. १९२३ साली तर दारच बंद केले, ते १९४७ पर्यंत. १९१२ साली या प्रांताने आणखी एक कायदा केला: चिनी माणसाच्या खानावळीत वा धुलाईघरात गोऱ्या बाईने काम करायचे नाही. याच मूस जॉमध्ये क्वाँग विंग नावाच्या माणसाची खानावळ होती. तो रीतसर नागरिक झालेला. दोन गोऱ्या बाया कामाला ठेवल्या म्हणून त्याला शिक्षा झाली. तो थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९१४ साली तिथेही हरला. एकाच न्यायमूर्तींनी वेगळे मत दिले. डोईपट्टीबद्दल सरकारने माफी मागितली ती २००६ साली.

परतताना भाच्याने सहज विचारले, "आपल्या गावच्या वाड्याखाली खरेच भुयार आहे का हो?"

मला भुयाराऐवजी विहीर आठवली. लहानपणी आमच्या गावविहिरीवर दलित वस्तीतल्या बाया घागर घेऊन बाजूला उभ्या राहत. कुणी ओतील तेव्हा पाणी. माझी आई ओतत असे, वरून, अंतर राखून. मी शेजारी उभा असे. मूस जॉत निदान कायदाच तसा होता. आमच्याकडे १९५० सालीच घटनेने अस्पृश्यता बंद केली होती, तरी घागर बाजूलाच. वाड्याखालच्या सोन्याच्या हंड्यांची गोष्ट मात्र गावात पोराटोरांना पाठ.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मामा, सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्या मी तिथे घालवल्या. कुणी बोलले नाही कधी."

"मीसुद्धा नाही."

"त्या बाईंचे नाव काय?"

एक बाई रोज येत, चेपलेली तांब्याची घागर घेऊन. घागर डोळ्यांपुढे होती, नाव काही आठवेना. रेजायनाचे दिवे दिसेपर्यंत आठवत होतो.

गावी परतल्यावर आईला विचारले. तिची ऐंशी उलटली आहे. तिने नाव लगेच सांगितले, आणि त्यांच्या घरी खाणारी तोंडे किती होती, तेही.