चूक माणसाची की सेटिंगची?

जुना प्रोग्राम अडला की सर्वांत आधी खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे बोट जाते. "तुम्ही काय दाबलंत?" हा पहिला प्रश्न. आम्ही दूर बसून, म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, पगारपत्रक, हजेरी, सोसायटीची खाती असे जुने प्रोग्राम दुरुस्त करतो. फोनवर पलीकडच्या ताई किंवा भाऊ पहिले वाक्य बोलतात ते, "सर, माझ्याकडून काही झालं नाही ना?" भीतीपोटी पडद्यावरची सूचना न वाचताच त्यांनी ओके दाबलेले असते. आमची विनंती असते, ती सूचना आकड्यासकट कागदावर उतरवा.

रिमोट डेस्कटॉपमध्ये आपल्या टेबलावरचा संगणक नुसता पडदा आणि कळफलक. प्रोग्राम चालतो तो लांबच्या सर्व्हरवर. तेव्हा टेबलावरचा संगणक बदलून सर्व्हरचे दुखणे जात नाही.

आकडा मिळाला की काम सोपे. १९९८ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ मधले प्रोग्राम अजून कितीतरी कचेऱ्यांत चालतात. नव्या सर्व्हरवर ते 'रन-टाइम एरर ३३९' देतात, म्हणजे प्रोग्रामची एखादी मदतनीस फाइल सापडत नाही किंवा तिची नोंद झालेली नाही. गंमत अशी की, ६४ बिटच्या विंडोजमध्ये 'सिस्टीम ३२' या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि जुन्या ३२ बिटच्या फाइली 'सिसवाऊ ६४' मध्ये. पाटी एक, घर दुसऱ्याचेच! फाइल योग्य जागी ठेवून, ॲडमिनच्या अधिकाराने नोंदवली की प्रोग्राम सुरू होतो.

खरा घात करते ती न दिसणारी चूक. एप्रिल २०२४ मध्ये एका कारखान्याच्या पगारपत्रकात काही कामगारांच्या मंजूर रजा गैरहजेरीत धरल्या गेल्या आणि पगार कापला गेला. सर्व्हर नुकताच बदललेला. पडद्यावर एकही सूचना नाही. रजा भरणाऱ्या ताईंना मेमो मिळाला. त्या म्हणत होत्या, "मी बरोबर भरलं आहे." साहेब त्यांच्या लॉगिनने तीच तारीख भरून दाखवत, ती बरोबर पडे. झाले, दोष ताईंचा ठरला.

आम्ही ताईंना त्यांच्याच लॉगिनने सर्व्हरवर यायला सांगितले आणि अर्जांची फाइल समोर घेऊन बसलो. १८ तारखेची रजा ठीक होती, २२ ची ठीक होती. ५ तारखेची मात्र गायब. शोधल्यावर ती ४ मे या दिवशी सापडली! १२ तारखेपर्यंतच्या रजा चुकलेल्या, १३ पासून पुढच्या बरोबर. ४ एप्रिलची तेवढी सुटली होती, कारण ४/४ कसेही वाचा, तेच.

नव्या सर्व्हरवर ताईंचे खाते नव्याने उघडले होते आणि त्यात तारखेची पद्धत अमेरिकन राहिली होती, आधी महिना, मग दिवस. तेरावा महिना नसतो, म्हणून १३ पासून पुढे प्रोग्राम गुपचूप उलटे वाचून घेई. साहेबांच्या खात्यात आपली पद्धत होती. हे सेटिंग प्रत्येक लॉगिनचे वेगळे असते, म्हणून "आमच्याकडे बरोबर दिसतं" या वाक्यावर आम्ही कधी विसंबत नाही. ज्याला अडचण आली, त्याच्याच खात्यातून पाहायला हवे.

सेटिंग बदलणे दोन मिनिटांचे काम. पण आधी उलट्या पडलेल्या तारखा आपोआप सुधारत नाहीत. ताईंनी एकूण एक कागदी अर्ज तारखेवार लावून ठेवले होते, त्यावरून दोन दिवस बसून नोंदी सरळ केल्या. कापलेले पैसे पुढच्या पगारात आले.

मेमो मागे घेतल्याचे साहेबांनी तोंडी सांगितले. ताईंनी ते लेखी मागितले आहे. आम्ही तपासाचा कागद सही करून त्यांच्या हाती दिला आहे.