एकेचाळीस नंबरची सही

मी सही मराठीत करतो. नोकरीला लागलो तेव्हापासून. पगारपत्रकावर, रेशनच्या दुकानात, मुलीच्या लग्नाच्या रजिस्टरात, सगळीकडे तीच. सुरुवातीला एका मॅनेजरनं हटकलं होतं, "अहो, इथं तेलुगूवाले, उर्दूवाले, सगळे इंग्रजीत करतात, तुम्हालाच काय अडचण आहे?" अडचण काही नव्हती. वडील मोडीत करायचे, मी बाळबोधीत करतो, एवढंच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा मामला सहीचाच आहे.

आमचं घर कोठीला, बडी चावडीच्या मागच्या गल्लीत. हैदराबादची मराठी माणसं म्हणजे कोठी, इसामिया बाजार, कुतबीगुडा, काचिगुडा, हे कोणाला नव्यानं सांगायला नको. विवेकवर्धिनीत शाळा, मराठी ग्रंथसंग्रहालयात सुट्ट्या. १९५६ साली मराठवाडा तिकडे गेला आणि आम्ही इकडे राहिलो. १९५२ च्या निवडणुकीत वडिलांनी खिशात फुटाणे घालून महिनाभर प्रचार केला होता. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असायची आणि चिठ्ठी आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. म्हाताऱ्या बायका पेटीला हात जोडून, हळद-कुंकू वाहून बाहेर यायच्या, असं ते हसत हसत सांगायचे. पक्षाकडून त्यांनी एकदाच चहा घेतला, आणि तोही उमेदवाराच्या घरचा. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला लहानपणी वाटायचं, निवडणुकीत चहा पिणं हा गुन्हा असावा.

२०२० च्या ऑक्टोबरात मोठा पाऊस झाला. मुशी नदीकाठच्या वस्त्यांत, चादरघाटाकडे, लोकांच्या घरांत छातीएवढं पाणी. मी निवृत्त माणूस, घरात बसून काय करणार? तिकडे जेवणाची पाकिटं वाटायला गेलो. तिथं एका पक्षाचा पोरगा भेटला. पंचविशीतला, पाण्यात चप्पल वाहून गेलेली, अनवाणी हिंडून पाकिटं पोचवत होता. मला तो आवडला. (आजही आवडतो, हीच तर पंचाईत आहे.) दिवाळी झाली आणि लगेच महानगरपालिकेची निवडणूक लागली. तो दारात आला, "काका, आप आव ना. पढे-लिखे लोगां नको बोलतेत, तो हमारे पास आता कौन?" मी हो म्हटलं. पुण्याहून मुलीनं फोनवर झापलं, "पासष्ट वर्षांचे आहात, कोरोना आहे, दारोदार हिंडू नका." तिला म्हटलं, मास्क लावतो. पक्षाचं नाव सांगत नाही. कोण निवडून आलं तेही सांगत नाही, नाही तर तुम्ही लगेच ओळखाल आणि मग "हे असले लोक असतातच असे" म्हणून मोकळे व्हाल. मला ती सोय तुम्हाला द्यायची नाही.

पहिल्याच दिवशी मी स्पष्ट सांगितलं, मी पैसे घेणार नाही. पोरगा म्हणाला, "काका, आपको कौन देता पैसे?" दोघंही हसलो.

काम चिठ्ठ्यांचं होतं. वोटर लिस्टचे भाग घेऊन बसायचं, एकेका नावाची चिठ्ठी लिहायची, बूथ कुठला, नंबर कितवा, आणि घरोघर पोचवायची. यादीत आमच्या लोकांची नावं अशी काही झाली होती की बस. फडक्यांचं पडके. एका घरात आडनावच गायब आणि नवऱ्याचं नाव बायकोचं आडनाव होऊन बसलेलं. अर्ध्या घरांना कुलपं. मुलं पुण्याला, बंगळुराला, नाही तर कुकटपल्लीला फ्लॅटमध्ये. आई वारून सहा वर्षं झाली, तरी तिचं नाव यादीत होतंच. तिच्या चिठ्ठीशी क्षणभर थांबलो आणि ती फाडून टाकली.

१८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर, चौदा दिवस. त्यातला एक दिवस मी गेलो नाही. २६ तारखेला तुळशीचं लग्न होतं आणि आमच्या वाड्यात ते मीच लावतो. हा खाडा लक्षात ठेवा.

आणखी एक केलं, ते सांगायला जीभ जड होते. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकट्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, पैसे घेऊन झेंडे धरणारे पुष्कळ आहेत, आपण चार माणसं तरी बिनपैशाची दिसू द्या." बाई आल्या. गुडघे दुखत असताना तीन-तीन मजले चढल्या. दुपारी बिर्याणीची पाकिटं आली की आम्ही दोघं आपापला डबा उघडायचो. सकाळी आठला रोजंदारीच्या बायका जमायच्या, एका माणसाच्या हातात यादी असायची, तो डोकी मोजायचा आणि गळ्यात उपरणी घालायचा. त्या बायकांकडे आम्ही ज्या नजरेनं बघायचो, ती नजर मला आज आठवते.

मतदान १ डिसेंबरला झालं. कोरोनामुळे मशीन नव्हतं, कागदी मतपत्रिका होत्या. आम्ही घसा फोडून सांगितलं, तरी शहरात ४६ टक्क्यांच्या आसपास मतदान. शेजारच्या जुन्या मलकपेटेत तर एका पक्षाच्या जागी दुसऱ्याचंच चिन्ह छापलं गेलं आणि तिथं ३ तारखेला फेरमतदान घ्यावं लागलं. ४ तारखेला निकाल. त्यावर वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिलंय.

६ तारखेला, रविवारी सकाळी, पोरगा घरी आला. काखेत लांबडं रजिस्टर. "काका, हिसाब में कुच गडबड है. आप ब्यांकवाले हैं, जरा टोटल मार देव. ऊपर भेजना है." मी चहा टाकला. चष्मा काढला, पुसला, लावला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेरा दिवस चिठ्ठ्या लिहिल्या, त्यात माझं शिक्षण लागलं नव्हतं. बेरीज करायला बोलावलं म्हणजे कोणी तरी माझी किंमत ओळखली.

नाव, मोबाइल, दिवस, दर, रक्कम, सही. त्रेसष्ट नावं. दर पाचशे. मी बोट ठेवून खाली येत होतो. एकेचाळीस नंबरवर माझं नाव.

आधी वाटलं, दुसरा कोणी असेल. आमचं आडनाव कोठीत काही दुर्मिळ नाही. मग मोबाइल नंबर पाहिला. माझाच. दिवस चौदा. दर पाचशे. रक्कम सात हजार. आणि पुढे सही. इंग्रजीत.

तीस-पस्तीस वर्षं मी काउंटरवर सह्या पडताळल्या आहेत. चेक हातात आला की रकमेआधी डोळा सहीवर जायचा. खरी सही सैल असते. माणूस ती करताना दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत असतो. खोटी सही जपून केलेली असते, अक्षर न अक्षर लागतं, आणि मध्ये जिथं पेन उचलायचं कारण नसतं तिथं ते उचललेलं असतं. ही तर खोटी म्हणण्याच्याही लायकीची नव्हती. करणाऱ्यानं माझी सही पाहिलेलीच नव्हती. शाळेच्या वहीवर नाव घालावं तसं माझं नाव इंग्रजीत लिहिलं होतं, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. निदान नक्कल तरी करायची! कोणी माझी सही नीट गिरवून काढली असती तर मला एवढं लागलं नसतं, असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. माझ्या नावावर पैसे उचलले ते उचलले, पण मी सही कशी करतो हे बघण्याइतकीही तसदी कोणी घेतली नाही.

आणि तुळशीच्या लग्नाचा खाडा? तो दिवसही लावला होता.

मग डोळा आपोआप वर-खाली गेला. सदतीसवर तेच ठिपके, तीच रेघ. बेचाळीसवर तीच. एकोणपन्नासवर तीच. पुढे आणखी एक तशीच. एकूण पाच सह्या एका हाताच्या, आणि पाचही नावं बिनपैशाच्या माणसांची. जे पैसे घेत होते त्यांच्या सह्या, अंगठे, वेडंवाकडं तेलुगू, सगळं खरं होतं. खोटे फक्त आम्ही होतो. बेचाळीसवर बाईंचं नाव होतं. चौदा दिवस, सात हजार. रेघ, दोन ठिपके.

मी पोराला विचारलं, "ये मेरा नाम?"

तो दचकेल, असं मला वाटलं होतं. तो चहात बिस्कीट बुडवत होता. म्हणाला, "नाम तो डालना पडता काका. ऊपर से गिनती पे पैसा आता. आदमी काम किया, नाम नई डाले तो पूछतेत, ये कौन है, क्यों आया, किसका आदमी है." थोडं थांबून म्हणाला, "आप तो नई लेते. वो पैसा चाय में गया, ऑटो में गया. पेट्रोल कहां से डालता मैं?"

तो खोटं बोलत होता असं मी म्हणू शकत नाही. खरं बोलत होता असंही नाही. पाच नावं म्हणजे पस्तीस हजार. एवढा चहा कोठीत कोण पितं? पण पुराच्या पाण्यात अनवाणी फिरलेला पोरगा हाच होता, हेही मी डोळ्यांनी पाहिलेलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो, ती. तुम्हाला वाटेल मी रजिस्टर फेकलं, नाव खोडलं, निदान बाईंचं तरी खोडलं. मी बेरीज केली. त्यांनी पेन्सिलनं ३,८६,५०० धरले होते, माझे ३,८७,५०० आले. पुन्हा उलटी बेरीज केली, खालून वर, बँकेत करायचो तशी. तेवढेच आले. त्यांची हजाराची चूक सापडली. ती मी दाखवली, निळ्या पेनानं आकडा दुरुस्त केला, आणि दुरुस्ती केली की तिच्याशेजारी सही करायची ही हाताची सवय, म्हणून सही केली. माझी, मराठीत. शेवटच्या पानावर माझ्या दोन सह्या झाल्या. एक खोटी एकेचाळीस नंबरवर, एक खरी बेरजेशेजारी. खोटीला साक्षीदार खरी.

पोरगा पाया पडून गेला.

रात्री झोप लागली नाही. सात हजार म्हणजे काय याचा हिशोब करत पडलो. मला पैसे नको होते हो, पण सात हजारांत दाढेची कॅप बसली असती, हा विचार येऊन गेलाच. वडील असते तर त्यांनी काय केलं असतं? हा प्रश्न मी लवकर बाजूला सारला. त्यांच्या वेळीही कुठल्या तरी वहीत त्यांच्या नावावर फुटाण्यांचा खर्च पडला असेल, कोणास ठाऊक. ते फक्त वही बघायला गेले नाहीत.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की पक्षाला फुकटचा माणूस परवडत नाही. पैसे घेणाऱ्याचं सरळ असतं, पाचशे दिले, संपलं. फुकट येणाऱ्याचं काय करायचं, ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, हे त्यांना कळत नाही. मग ते त्याला पाचशेचा करून टाकतात. कुठल्याही पक्षासाठी वेळ देणार असाल तर जरूर द्या, मी नको म्हणणार नाही. पण पहिल्याच दिवशी रजिस्टर मागा आणि आपल्या नावापुढे आपल्या हातानं शून्य लिहून सही करा. मला हे सुचलं नाही.

बाईंना मी आजवर सांगितलेलं नाही. त्या अजून कधी भेटल्या की म्हणतात, "आपण दोघांनी तरी एक पैसा घेतला नाही हं." मी मान हलवतो.

पण गल्लीला कळलंच. अशा गोष्टी कळतात. २०२३ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक लागली तेव्हा बडी चावडीला मी फुलांची पुडी घेत होतो. तिथली फुलवाली, वर्षानुवर्षांची ओळख, शेवंतीचा हार सुतळीला बांधता बांधता म्हणाली, "काका, पिछली बार आपको सात हजार मिले बोलतेत. मेरा भी नाम डाल देव ना लिस्ट में."

घशाशी आलं होतं, की बाई, मी एक पैसा घेतला नाही. पण तिच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटांना सुतळीचे चरे पडले होते, आणि डोक्यावर चढलेलं ऊन. उन्हात झेंडा धरायचे पाचशे रुपये तिनं का मागू नयेत? आणि तेरा दिवस मी तिच्यासारख्यांकडेच नाक मुरडून बघत होतो.

मी पोराला फोन केला. तिचं नाव घातलं. पैसे वाटायच्या दिवशी मी स्वतः तिच्याबरोबर गेलो आणि रजिस्टर तिच्यापुढे धरलं. दहा दिवसांचे पाच हजार, रोख. तिनं मोजून घेतले आणि तेलुगूत, जीभ दातांत धरून, आपली सही केली.