विंचवाची मोटार

कल्याणहून निघालेला रस्ता मुरबाड मागे टाकून टोकावड्यास येतो, तेव्हा सह्याद्रीची भिंत समोर उभी असते. पुढे वैशाखरे, मोरोशी आणि मग माळशेज घाट. सातवाहनांच्या काळी याच परिसरातून नाणेघाटाची वाट जुन्नरकडे चढत होती आणि व्यापाऱ्यांचे तांडे त्या वाटेने कल्याणच्या बंदराशी ये-जा करीत होते. जनावरांवर ओझे लादून घाट चढणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नसे. चढाआधी जनावर तयार करावे आणि चढ संपल्यावर त्याला दम घेऊ द्यावा. आज अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ येथून जातो. या रस्त्यावर आलेल्या एका मोटारीने मला ती जुनी रीत पुन्हा समजावून दिली.

टोकावडे परिसरातील आमच्या मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी एका घरातील तरुणाने ही मोटार विकत घेतली. त्याचे वडील एस.टी.चे निवृत्त चालक. उभे आयुष्य त्यांनी लोकांना घाटातून सुखरूप नेण्यात घालवले. स्वतःच्या दारी मात्र कधी चारचाकी उभी राहिली नाही. मुलाने कारखान्यातील पगारातून शिल्लक टाकली, पतपेढीचे थोडे कर्ज काढले आणि एक वापरलेली अबार्थ पुंटो घरी आणली. दिसायला ती चार दारांची साधी घरगुती मोटार. परंतु पुढे विंचवाचे चिन्ह, आणि बॉनेटखाली १४५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती सुमारे नऊ सेकंदांत गाठते.

हा विंचू आमच्या लोकांना मुळीच रुचला नाही. पावसाळ्याच्या तोंडावर चपला झटकून पायात घालणारी ही माणसे! एका आजीबाईंनी मला सरळच विचारले, "फादर, विंचवाला का कोणी आशीर्वाद देतो?" मी त्यांना सांगितले की, या मोटारींना नाव देणारे कार्लो अबार्थ १९०८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्ना येथे जन्मले. त्यांची रास वृश्चिक, म्हणून १९४९ मध्ये त्यांनी इटलीत सुरू केलेल्या कंपनीला ते चिन्ह मिळाले. ही गाडी मात्र परदेशी नव्हे. २०१५ साली ती बाजारात आली तेव्हा आपल्याच पुणे जिल्ह्यातील रांजणगावच्या कारखान्यात ती तयार होत होती, आणि तिची किंमत दहा लाखांच्या थोडी आत होती. मध्यमवर्गीय तरुणाच्या स्वप्नाला प्रथमच एवढी ताकद एवढ्या किमतीत मिळत होती.

आजीबाईंचे समाधान झाले. वडिलांचे झाले नाही. ते एकटेच मला भेटायला आले आणि म्हणाले, "फादर, तुम्ही या गाडीला आशीर्वाद देऊ नका. हा रस्ता मला ठाऊक आहे." त्यांचे भय पोकळ नव्हते. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी माळशेजकडे धावणाऱ्या मोटारी आणि त्याच रस्त्याच्या कडेने, डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन शाळेतून परतणारी पाड्यांवरची मुले, हे दृश्य येथे सर्वांच्या परिचयाचे आहे. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच एवढी वाट सरलेली असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. येथे अश्वशक्ती उपयोगी पडत नाही.

मी त्यांना इतकेच म्हटले की, आशीर्वाद लोखंडाला नसतो. ख्रिस्तसभेच्या १९८४ च्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात वाहनांसाठीही विधी आहे. तिथे प्रार्थना होते ती माणसांसाठी. मी चालकासाठी आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांसाठी प्रार्थना करीन. मात्र त्याआधी मुलाने मला त्याचे यंत्र समजावून सांगावे, आणि तुम्हीही शेजारी उभे राहावे.

रविवारच्या मिस्सानंतर अंगणात बॉनेट उघडले गेले. मुलगा सांगू लागला. साध्या इंजिनातून जळालेला गरम वायू धुराड्यावाटे वाया जातो. टर्बोमध्ये तोच वायू एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जळते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला इंटरकूलरमधून थंड करून घ्यावे लागते. तो इवलासा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि त्याला तोलून धरतो तो केवळ तेलाचा पातळ थर.

"म्हणून, फादर, ही गाडी चालू केल्याबरोबर दामटता येत नाही," तो म्हणाला. तेल गरम होऊन सर्वत्र पोहोचेपर्यंत पहिली काही मिनिटे हळू जायचे. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही. इंजिन मिनिट-दोन मिनिटे संथ चालू ठेवायचे, नाहीतर तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल करपून कोळशासारखे होते. हे ऐकताच इतका वेळ गप्प असलेले वडील म्हणाले, "आमच्या टर्बो डिझेल गाड्यांचेही असेच होते की! डेपोत शिरलो की इंजिनाला दम घेऊ द्यायचा." त्या क्षणी बापलेकांची भाषा एक झाली. आपल्या घाटांतून भाजीपाला वाहणारे ट्रक आणि प्रवासी वाहणाऱ्या बसगाड्या कितीतरी वर्षे याच युक्तीवर चढत आल्या आहेत, हे त्या अंगणात कित्येकांना पहिल्यांदाच उमगले.

मग वडिलांनी एकेक प्रश्न विचारला. एअर फिल्टर कधी बदललास? उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ आत गेली तर चक्राची पाती झिजतील. टायमिंग बेल्ट किती किलोमीटरवर बदलला, याची नोंद आहे का? टायर, ब्रेक पॅड, ब्रेकचे तेल? ही गाडी साध्या पुंटोपेक्षा बुटकी. खड्ड्यात खालून आपटली तर? शिवाय फियाटने भारतात मोटारी विकणे कधीच थांबवले आहे. सुटे भाग कुठून आणशील? मुलाने एक वही पुढे केली. प्रत्येक सर्व्हिसची तारीख, किलोमीटर आणि खर्च तीत लिहिला होता. दरमहा दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवलेली रक्कमही होती. मित्र सांगतात त्याप्रमाणे संगणकाची मांडणी बदलून टर्बोचा दाब वाढवून घेणार नाही, हेही त्याने स्पष्ट केले. कंपनीने ठरवलेल्या ताकदीपुरतेच ब्रेक आणि इंजिन घडवलेले असतात, आणि असा बदल लपवला तर विमाही धोक्यात येतो.

वहीची पाने चाळून वडिलांनी ती परत दिली. त्यानंतर मी प्रार्थना केली.

अशा मोटारीची हौस धरावी काय, असा प्रश्न आमच्या घराघरांतून विचारला जातो. आम्हा धर्मगुरूंसाठी उत्तर सोपे आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली भावी धर्मगुरूंना सांगितले होते की, धर्मगुरू नव्या कोऱ्या मोटारीत दिसला की मनाला वेदना होतात. २०१७ मध्ये त्यांना भेट मिळालेली लॅम्बॉर्गिनी त्यांनी लिलावास दिली. पुढील वर्षी तिचे ७,१५,००० युरो आले आणि ते दानकार्यास गेले. प्रापंचिक माणसाचे तसे नाही. कष्टाच्या पैशातून सुंदर यंत्र घ्यावेसे वाटणे यात पाप मला दिसत नाही. मात्र हप्ता भरण्याची ऐपत म्हणजे गाडी बाळगण्याची ऐपत नव्हे. तेल, टायर, ब्रेक आणि विमा यांचा वर्षाचा हिशेब ज्याने खरेदीआधी मांडला नाही, तो पुढे नेमकी ब्रेकवर काटकसर करू लागतो, आणि त्याची किंमत रस्त्याच्या कडेने चालणारा दुसराच कोणी मोजतो.

मुलगा आता वडिलांना शेजारी बसवून घाट चढतो. पाड्याजवळ मुले दिसली की वडील फक्त हात वर करतात आणि तो वेग उतरवतो. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर दोघेही लगेच उतरत नाहीत. इंजिन संथ चालू असते, धुके काचेवर साचत असते, आणि वडील घड्याळात पाहून मिनिटे मोजत असतात.