दुव्यामागची मिळकत

वसतिगृह सोडल्यावर आम्ही तिघांनी शिलाई मशीन या एकाच विषयावर मराठी ब्लॉग सुरू केला. विषय मुद्दाम अरुंद निवडला. ‘घरगुती वस्तू’ शोधणारा नुसता पाहत फिरतो. ‘जाड कापडाला कोणते मशीन’ असे विचारणारा मात्र खरेदी ठरवूनच आलेला असतो. लेखातील दुव्यावरून त्याने मशीन घेतले की दुकान आम्हांस दलाली देते. मशीन परत गेले, तर दलालीही जाते. अमेझॉनमध्ये ही पद्धत १९९६ पासून आहे. आमच्या आईवडिलांना ती अद्याप कोडेच वाटते.

आमच्या वाचक बहुतेक बचत गटाचे कर्ज काढून मशीन घेणाऱ्या भगिनी. महागड्या मशीनवर दलाली अधिक, आणि आमचे वाद तेथेच होतात. शाळेत पाठ केलेली सम्यक आजीविका अशा वेळी टक्केवारीत येऊन बसते. साध्या पायमशीनवर जिचे भागते, तिला आम्ही तेच सुचवतो. मिळकत त्या मानाने कमीच. ‘या दुव्यातून आम्हांस पैसे मिळतात’ हे वाक्य लेखाच्या आरंभीच असते, तळाशी बारीक अक्षरांत नव्हे.

पहिल्या वर्षी हाती काहीच लागले नाही. आजही आमच्यापैकी कोणी नोकरी सोडलेली नाही; धाकटे विद्यार्थी विचारतात, तेव्हा आम्ही आधी तेच सांगतो.