दुसरा भिडू

खेळ हा मनुष्याचा प्राचीन सोबती खरा. परंतु त्या सोबत्यालाहि सोबत लागते, हें आपण सहसा लक्षांत घेत नाहीं. तुळजापुरास श्रीभवानीच्या देवळामागें भारतीबुवांचा मठ आहे. त्या मठाचे मूळ पुरुष रणछोड भारती यांच्याबरोबर प्रत्यक्ष देवी सारीपाट खेळत असे, अशी आख्यायिका आमच्या मुलखांत सांगतात. महिषासुराचें पारिपत्य जिनें एकटीनें केलें, तिलाहि पट मांडावयाचा तर समोर कोणी बसणारें लागलें!

या कथेची आठवण आम्हांस झाली ती एका यंत्रामुळें. 2021 सालच्या दिवाळींत आमचे चिरंजीव पुण्याहून सहकुटुंब धाराशिवास (तेव्हां सरकारी कागदांत उस्मानाबादच) आले, तेव्हां नातवाच्या सामानांत 'प्लेस्टेशन 5' हें खेळाचें यंत्र होतें. त्याच वर्षीं 2 फेब्रुवारीस तें भारतांत विक्रीस आलें होतें. उंची सुमारें 39 सेंटिमीटर, वजन साडेचार किलो, आणि दोन्ही बाजूंस पांढरे शुभ्र वळणदार पंख. टीव्हीशेजारीं तें एखाद्या मानकऱ्यासारखें उभें राहिलें. किंमत 49,990 रुपये, असें कळतांच आम्हीं धूळ पुसावयाचें फडकें बदललें.

खरी नवलाई मात्र हातांत धरावयाच्या रिमोटांत होती. यंत्राबरोबरच मिळणाऱ्या खेळांत एक छोटा यंत्रमानव आहे. तो वाळूवरून चालूं लागला कीं आपल्या तळहातास खरखर जाणवते. त्यास स्प्रिंग दाबून उडी मारावयाची असली, तर आपल्या बोटाखालची कळ तटून बसते. कळीमागें एक बारीकशी मोटर असून ती प्रसंगानुसार बोटास विरोध करते. आमच्या सौभाग्यवतींनीं ती कळ दाबून पाहिली व त्या म्हणाल्या, "आडांतून भरला पोहरा ओढल्यावाणी लागतंय कीं हो!" याहून नेमका अभिप्राय एखाद्या तज्ज्ञानेंहि दिला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु खोक्यांत असा रिमोट एकच होता.

पूर्वीं असें नव्हतें. राल्फ बेअर यांच्या कल्पनेंतून उतरलेलें 'ओडिसी' हें जगांतील पहिलें घरगुती खेळयंत्र 1972 सालीं अमेरिकेंत निघालें. त्यास आवाज नव्हता. टीव्हीच्या कांचेवर रंगीत पारदर्शक पडदे चिकटवावे लागत, आणि खोक्यांत चक्क फांसे, पत्ते व खेळांतल्या नोटा असत. यंत्रास गुण मोजतां येत नसत. ते खेळणाऱ्यांनींच मोजावयाचे. अर्थात् सारी भिस्त परस्परांच्या सचोटीवर! रिमोट मात्र दोन होते. 1983 सालीं जपानांत निन्टेंडोचा 'फॅमिकॉम' आला. त्याचे तर दोन्ही रिमोट तारेनें यंत्रासच कायमचे जोडलेले होते. दुसरा भिडू हा जणूं यंत्राचाच अवयव.

त्याच फॅमिकॉमच्या नकला पुढें नव्वदच्या दशकांत 'व्हिडिओ गेम' या नांवानें आपल्याकडे गांवोगांवीं पसरल्या. आमच्या घरींहि एक होती. कॅसेटींत फुंकर मारावयाची, टीव्हीचें चॅनेल जुळवावयाचें, आणि मग रणगाड्यांच्या खेळांत दोघां भावांनीं मिळून आपला तळ राखावयाचा. त्या खेळांत एकाची गोळी चुकून दुसऱ्याच्या रणगाड्यास लागली, तर तो कांहीं क्षण जागींच खिळून राही. आणि मग खरें युद्ध आमच्या माजघरांत पेटे. तें मिटविण्यास दोन चकल्या पुरत.

नातवाकडे वळूं. तो कानांवर हेडफोन चढवून पुण्याच्या मित्राबरोबर खेळे. तो एकटा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल. करोनानें दीड वर्षाहून अधिक काळ शाळा मोबाइलवर भरविली होती, आणि त्या मुलांस मित्राचा आवाज म्हणजे मोठाच आधार होता. तथापि तो हंसे, आणि त्या हंसण्याचें कारण घरांत कोणास कळत नसे. सारीपाटांत समोरच्याचा चेहरा दिसतो. जुन्या व्हिडिओ गेममध्यें चेहरा दिसत नसला तरी शेजाऱ्याचें कोपर तरी लागे. येथें पाटीमागें बसलेल्या आजी-आजोबांस पाठमोरा नातू तेवढा दिसत होता. आणि तो चार दिवसांत परत जाणार होता.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांनीं कोणाकडून तरी दुसरा रिमोट मिळविला. त्या संध्याकाळीं आजीनें नातवाबरोबर मोटारशर्यतीचे सहा डाव खेळून सहाहि गमावले. नातवानें हेडफोन काढून ठेवला होता. कारण आजीची मोटार भिंतीवर आदळली कीं ती काय बोलते, तें त्यास ऐकावयाचें होतें.

भाऊबीज आटोपून मंडळी निघाली, तेव्हां यंत्र गेलें. दुसरा रिमोट मात्र नातवानें आपण होऊन आमच्या कपाटांत ठेविला. सुट्टीची तारीख फोनवर कळली कीं तो चार्जिंगला लावण्याचें काम सौभाग्यवतींचें. तें त्या कोणावर सोंपवीत नाहींत.